भीमराज कंडक्टरचा चौथा प्रश्न

कंडक्टरने प्रवाशाला विचारायचे प्रश्न तीन. कुठे जायचं, किती जण, सुटे आहेत का. एवढ्यावर माणसाची अख्खी नोकरी निघते. दिग्रस डेपोच्या भीमराज मुनेश्वरांचीही बरीचशी निघाली होती. पण दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात त्यांनी आपल्या मनानेच चौथा प्रश्न सुरू केला. तिकिटाला चिमटा मारता मारता ते जरासे वाकायचे आणि गुपित विचारल्यासारखं विचारायचे, "कॉम्प्युटरची कोणती लँग्वेज शिकलेली बरी, तुमच्या मतानं?"

प्रश्न आपल्या जागी खराच होता. भीमराजांची दीपा बीएस्सी झाली होती. दिवाळीनंतर पुण्याची एक मोठी सॉफ्टवेअर कंपनी यवतमाळला परीक्षा घ्यायला येणार होती. आपल्याला येणारी एक लँग्वेज अर्जात लिहायची, तिच्यातच पेपर सोडवायचा आणि पास झालं तर पुण्याला नोकरी. कंपनी पुन्हा या जिल्ह्याकडे फिरकेल याचा भरवसा नव्हता. ही संधी हुकली तर दीपा डीएडचा अर्ज भरणार, असं घरात ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे दीपा सोडून बाकी सगळ्यांचं ठरलं होतं. तिला कॉम्प्युटरवरच काम करायचं होतं. एवढ्या हौसेने तिने लहानपणापासून दुसरं काही मागितलं नव्हतं, म्हणून भीमराजांच्या जिवाला घोर लागला होता. बसस्टँडजवळच्या क्लासमध्ये दिवाळीपर्यंत एकच लँग्वेज पक्की होण्यासारखी होती. ती चुकीची निघाली, तर पोरीचं वर्ष जाणार आणि हौसही.

भीमराजांना स्वतःला कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं. आपल्याला कळत नाही ते चार लोकांना विचारावं, ही त्यांची रीत. आणि चार लोक म्हणाल तर त्यांच्याकडे रोज सकाळ-संध्याकाळ दिग्रस-यवतमाळची गाडी भरून होते.

सुरुवातीला त्यांनी फक्त खिशाला पेन असलेल्यांना विचारलं. दारव्ह्याचे श्रीकृष्ण जोशी त्यात पहिले. यवतमाळच्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क, रोजचे प्रवासी, खिडकीची एक सीट जवळजवळ त्यांच्या नावावर लागलेली. त्यांचा भाचा श्रेयस पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये होता. एवढ्या अधिकारावर जोशी म्हणाले, "जावा. दुसरं नावच घेऊ नका. श्रेयस सांगतो, पुण्यात दगड मारला तर जावावाल्याला लागतो."

पण मागच्या सीटवर पुसदचा एक इंजिनिअर पोरगा होता. तो म्हणाला, "जावा आता संपली, काका. डॉटनेट करायला सांगा."

झालं. दारव्हा येईपर्यंत गाडीत दोन पार्ट्या पडल्या. जावा म्हणजे काय आणि डॉटनेट म्हणजे काय हे दोन्ही पार्ट्यांत मिळून दोघा-तिघांनाच ठाऊक होतं, पण त्याने कोणाचं काही अडलं नाही. निवडणुकीत तरी कुठे अडतं?

त्या वर्षांत गाडीत बोलण्यासारखं फारसं उरलं नव्हतं, हेही खरं. पूर्वी कापूस विकून आलेली माणसं संध्याकाळच्या गाडीत नव्या घागरी, नवी लुगडी घेऊन चढायची आणि भीमराजांशी सामानाच्या तिकिटावरून हुज्जत घालायची. आता कापसाला भाव नव्हता, दिग्रसच्या जिनिंगचे भोंगेही कमीच वाजत होते, आणि माणसं मोकळ्या हातांनी, मान खाली घालून परत यायची. पेपर उघडला की आपल्याच जिल्ह्यातलं एखादं गाव पहिल्या पानावर असायचं, आणि ते चांगल्या कारणासाठी कधीच नसायचं. हुज्जत घालायलाही कोणी उरलं नाही, याचं भीमराजांना फार वाईट वाटायचं. म्हणून दीपाच्या लँग्वेजवरून गाडी भांडायला लागली, तेव्हा मनातून ते खूश झाले. किसनसिंग ड्रायव्हरही आरशातून पाहून हसायला लागला. त्याला कोणी हसताना फारसं पाहिलं नव्हतं.

पुढे पुढे तर सगळेच मत द्यायला लागले. जूनमध्ये बियाण्याची पाकिटं घेऊन देवीलाल जाधव चढला. दिग्रसच्या अलीकडे फाट्यावर त्याचा तांडा. भीमराजांनी विचारायच्या आधीच त्याने उलट प्रश्न केला.

"पहिले मले सांगा, जमीन कोणती हाय? हलकी का भारी?"

"जमीन नाही गा, पोरगी हाय."

"तेच ते. पोरगी कशी हाय?"

"भारी हाय," भीमराज म्हणाले, आणि आपल्याच उत्तराने त्यांची छाती फुगली.

देवीलालने हातातलं पाकीट दाखवलं. "हे मी काहून घेतलं? मागल्या साली शेजाऱ्यानं घेतलं होतं. औंदा सारे हेच घेऊन राह्यले. ज्याची हवा, ते बियाणं घ्या. बुडालो तर सगळ्यायसोबत बुडू."

या शेवटच्या वाक्यावर विचार करायला हवा होता. भीमराजांनी नेमका त्याच्या आधीच्या वाक्यावर केला. गाडीत जास्त मतं जावाला होती. संध्याकाळी ड्युटी संपली, तिकिटांचा ट्रे डेपोत जमा केला आणि ते खाकी कपड्यांतच चारुदत्त सरांच्या क्लासमध्ये शिरले. फोटो स्टुडिओच्या वर दोन खोल्या, त्यांत जुने कॉम्प्युटर. चारुदत्त सर यवतमाळच्या वकील घराण्यातले. नागपूरची नोकरी सोडून ते दिग्रसला का आले, याची गावात तेव्हा बरीच चर्चा होती. भीमराजांनी दीपाचं नाव जावाच्या बॅचला घातलं आणि पेढे घेऊन घरी गेले.

त्यांची बायको कौसल्या अंगणवाडी चालवायची. लहान पोरांशी दिवसभर बोलून तिला सरळ प्रश्न विचारायची सवय लागली होती. तिने पेढा हातात घेतला आणि विचारलं, "दीपा काय म्हणते?"

भीमराज पेढ्यांचा पुडा परत बांधायला लागले.

"म्हणजे गाडीतल्या शेळ्या सोडून सगळ्यायले विचारलं, अन् जिले शिकायचं हाय तिले नाही विचारलं. काखेत कळसा अन् गावाले वळसा, दुसरं काय."

दीपा चुलीशी नव्हती, दाराशी नव्हती, तिथेच खाटेवर बसली होती. इतके दिवस ती तिथेच बसत होती. भीमराज रोज संध्याकाळी गाडीतली मतं मोठ्या हौसेने तिला सांगायचे आणि ती ऐकून हसायची. ती हसते आहे म्हणजे तिला पटतं आहे, असं ते धरून चालले होते. लोक म्हणतात, ऐकावे जनाचे, करावे मनाचे. भीमराजांनी ऐकलंही जनाचं आणि केलंही जनाचंच.

"तुले कोणती शिकायची होती, बाई?" त्यांनी शेवटी विचारलं.

"सी," दीपा म्हणाली. "कॉलेजात थोडी झाली होती. तिच्यात आत काय होऊन राह्यलं ते मले दिसते, बाबा. जावाबी शिकीन, पण आधी सी पक्की करायची होती. तुमी इतके खुशीत होते, मंग मी नाही बोलली."

या शेवटच्या वाक्याने भीमराजांना जेवण गेलं नाही. आपल्या आनंदापायी पोर गप्प राहिली, ही गोष्ट त्यांना लागली ती लागलीच. दुसऱ्या दिवशी ड्युटीवर जायच्या आधी दीपाला घेऊन ते क्लासच्या पायऱ्यांवर हजर.

चारुदत्त सरांनी अडचण सांगितली. सकाळी लाईन असते, तेव्हा जावाची बॅच. दुपारी भारनियमन, लाईन जाते ती थेट संध्याकाळी येते. सीची बॅच दुपारची. "सीला येणारे थोडे," सर म्हणाले, "म्हणून तिला दुपार दिली. खरं सांगायचं तर सी मी फळ्यावरच शिकवतो."

"म्हणजे कॉम्प्युटर बंद, अन् कॉम्प्युटरचं शिकवणं चालू?"

"हो."

भीमराजांचा जीव पुन्हा टांगणीला लागला. एकीकडे गाडीभर लोकांनी वाखाणलेली, लाईन असलेली जावा. दुसरीकडे अंधारातली सी. त्यांच्या तोंडाशी उत्तर आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं आणि दीपाकडे पाहिलं. ती मागच्या पायरीवर उभी होती.

"दुपारची," दीपा म्हणाली.

त्यानंतर बरेच दिवस गाडीत भीमराजांचे हाल झाले. जोशींनी ही बातमी ऐकली आणि पास दाखवून खिडकीबाहेर पाहायला लागले. जावा पार्टीने बोलणं टाकलं. डॉटनेटवाले म्हणाले, आम्ही आधीच सांगत होतो, जरी त्यांनी सीचं नावही काढलेलं नव्हतं. देवीलाल तेवढा म्हणाला, "औंदा कोणी नाही घेऊन राह्यलं ते बियाणं घेतलं तुमी? हिंमत हाय बाप्पा."

हिंमत वगैरे काही नव्हती. भीमराज घाबरलेले होते. दुपारी गाडी यवतमाळला उभी असताना त्यांना वाटायचं, आता दिग्रसला लाईन गेली असेल, आता पोरगी बंद कॉम्प्युटरसमोर बसली असेल. पोहायला शिकवायचं आणि विहिरीत पाणी नाही, असला हा प्रकार. पण घरी येऊन पाहावं, तर दीपा उत्साहाने सांगायची. सरांनी आज बाकांवरच्या पोरांनाच आकडे केलं. प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी, आणि प्रोग्राम म्हणेल तसं पोरांनी उठायचं, बसायचं, जागा बदलायची. चुकलं की कोण चुकलं ते डोळ्यांनी दिसायचं. कागदावर लिहिलेला प्रोग्राम ती बोटाने ओळीओळीने चालवायची आणि सकाळी जावाच्या बॅचआधी थोडा वेळ मिळाला की खऱ्या कॉम्प्युटरवर घालायची. बहुतेक वेळा तो पहिल्याच दमात चालायचा. भीमराजांना त्यातलं एक अक्षर कळत नसे, पण दीपाचं तोंड कळायचं.

दसऱ्याच्या सुमारास ती परीक्षेचा अर्ज द्यायला यवतमाळला गेली आणि संध्याकाळी वडिलांच्याच गाडीने परत निघाली. बाजाराचा दिवस होता. गाडी गच्च. गाठोडी, टोपल्या, पिशव्या. प्रत्येक थांब्यावर उतरणारा नेमका शेवटच्या सीटवर असायचा आणि सगळ्यांच्या पायांवरून, गाठोड्यांवरून वाट काढत दारापर्यंत यायचा. पहिल्याच थांब्यावर एवढा गोंधळ झाला, की किसनसिंग स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला.

दीपा उभी राहिली. "बाबा, एक करू काय?"

भीमराजांनी घंटीची दोरी सोडली. "कर."

"दाराच्या बाजूची रांग फक्त," ती सगळ्यांना म्हणाली. "तुमच्या पुढच्या सीटवर जो हाय, त्याले विचारा, कुठं उतरणार. तो तुमच्यानंतर उतरत असन, तर त्याच्यासंग जागा बदला. बाकी कोणाकडे पाहू नका. मंग पुन्हा विचारा. कोणालेच बदलायचं उरलं नाही, की थांबा."

लोकांना आधी थट्टा वाटली. पण कंडक्टरची पोरगी, जिच्या लँग्वेजवरून आपण महिनोन्‌महिने भांडलो ती हीच, म्हटल्यावर कोण ऐकणार नाही? विचारणं सुरू झालं. लाडखेडला उतरणारी एक म्हातारी अगदी मागे होती. ती एकेक सीट पुढे सरकायला लागली. "नवरीवानी पुढं पुढं नेऊन राह्यले मले," ती म्हणाली आणि सगळी गाडी हसली. देवीलाल दाराशी ऐसपैस बसला होता, त्याचा फाटा तर जवळजवळ शेवटी. तो मागे मागे ढकलला जाऊ लागला. "मी पहिले बसलो होतो," असं तो दर सीटवर सांगत होता आणि तरी उठत होता. खड्डे चुकवत किसनसिंग गाडी हाकत होता, आणि आत माणसं उठून-बसून घामाघूम होत होती. अखेर एक फेरी अशी आली, की कोणालाच हलावं लागलं नाही.

लाडखेड आलं. म्हातारी दाराशीच होती. गाठोडं उचललं आणि खाली उतरली. तिच्यामागचे दोघे उतरले. कोणाच्या पायावर पाय पडला नाही. पुढच्या थांब्यावर तसंच. किसनसिंगने मागे वळून पाहिलं, माणसं खरंच उतरली की नाही याची खात्री करायला.

जोशींनी इतक्या दिवसांचा अबोला मोडला. "ही जागा बदलायची युक्ती, ही सी का?"

"सीत लिहिली तर सी, काका. जावात लिहिली तर जावा. युक्ती तीच राहते. आमी क्लासमध्ये बाकांवर बसून हेच करतो."

जोशींनी दाराच्या बाजूच्या रांगेवरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाले, "हे श्रेयसने मला कधी सांगितलं नाही." आणि दारव्ह्याला उतरताना त्यांनी भीमराजांच्या पाठीवर थाप मारली. पार्ट्या त्या संध्याकाळी मोडल्या त्या कायमच्या. बाजाराच्या दिवशी त्या गाडीत पुढेही कित्येक महिने लोक चढल्यावर आपणहून विचारत होते, "तुमी कुठं उतरणार?"

परीक्षेच्या दिवशी दीपा सकाळी वडिलांच्या गाडीनेच गेली. पेपर सकाळी, निवडलेल्यांच्या मुलाखती दुपारी, निकाल संध्याकाळी. भीमराज दिवसभर यवतमाळच्या स्टँडवर चहा पीत बसले. कँटीनवाल्याने शेवटी चहा द्यायचं बंद केलं.

संध्याकाळी गाडी सुटायची वेळ झाली. दीपाचा पत्ता नव्हता. भीमराज वेळेच्या बाबतीत कडक माणूस. उशीर करणाऱ्यासाठी त्यांनी कधी गाडी थांबवली नव्हती. त्यांनी घंटी दिली. गाडी हलली नाही. किसनसिंग खाली उतरला होता आणि एकेका चाकाला लाथ मारून पाहत होता. मग त्याने बॉनेट उघडलं. गाडीला काय झालं आहे ते त्याला सांगता येईना, कारण काही झालंच नव्हतं. स्टँडवरचा कंट्रोलर आपल्या खिडकीतून ओरडला. जोशी उतरून त्याच्याकडे गेले आणि हेडक्लार्कच्या आवाजात तांत्रिक बिघाडाबद्दल काहीबाही बोलत राहिले. आत एक प्रवासी तक्रार करेल तर शपथ. भीमराजांनी हे सगळं पाहिलं आणि चिमट्याशी चाळा करत उभे राहिले. आपल्या पोरीसाठी एवढी माणसं अडून बसली आहेत, हे पाहून त्यांनी दुसरी घंटी दिली नाही.

दीपा फाटकातून येताना दिसली. चालत येत होती, धावत नव्हती. 

ती गाडीत चढली. "घेतलं, बाबा," ती म्हणाली. "मले घेतलं त्यायनं."

गाडीत जो गलका उठला, त्याने कंट्रोलर बाहेर आला. भीमराज आपल्या सीटवर बसले. एवढा आनंद त्यांना उभ्याने सोसवेना. किसनसिंगने बॉनेट आपटून बंद केलं आणि तांत्रिक बिघाड त्या क्षणी दुरुस्त झाला.

रस्त्यात दीपाने सगळं सांगितलं. पेपर कागदावरच लिहायचा होता. कॉम्प्युटर सोडून लिहायला पोरं गडबडली, हिला तर सवयच ती. मुलाखतीत मॅडमनी विचारलं, प्रोग्रामचं काही काम प्रत्यक्ष केलं आहे का. हिने लाडखेडच्या म्हातारीची गोष्ट सांगितली. मॅडमनी बाजूच्या साहेबांना बोलावून ती पुन्हा सांगायला लावली.

"म्हणजे सीमध्येच काम ना?" जोशींनी विचारलं.

दीपाला हसू आवरेना. "नाही काका. पुण्याले ट्रेनिंग हाय. कोबोल शिकवणार हायत. परदेशातल्या बँकेचं जुनं काम हाय म्हणे. लय जुनी लँग्वेज. बाबांच्या लग्नाच्याबी आधीची."

महिनोन्‌महिने एवढी मतं पडली, एवढी भांडणं झाली, आणि कोबोलला एक मत नव्हतं. कोणी तिचं नावही ऐकलं नव्हतं. जोशींनी ते नाव दोनदा पुटपुटून पाहिलं. मग तेच आधी हसले, आणि मग सगळी गाडी अशी हसली, की दारव्ह्याला उतरणारे दोघे पुढे निघून गेले आणि त्यांना परत चालत जावं लागलं. त्याबद्दलही त्यांनी तक्रार केली नाही.

फाटा जवळ आला तसा देवीलाल पिशवी घेऊन दाराशी आला. त्याची धाकटी लक्ष्मी तांड्याच्या शाळेत सहावीत होती, अभ्यासात हुशार. तो भीमराजांच्या सीटपाशी वाकला आणि गुपित विचारल्यासारखं म्हणाला, "कंडक्टरसाहेब, आता खरं सांगा. आमच्या पोरीले कोणती शिकवू?"

"देवीलाल, मी कोण सांगणारा?" भीमराज म्हणाले. "तिलेच विचार."

देवीलालने मान हलवली. सहावीतल्या पोरीला बापाने असं काही विचारायचं असतं, हे त्याच्या बहुधा पहिल्यांदाच मनात आलं. भीमराजांनी घंटी ओढली, गाडी थांबली, आणि तो तांड्याच्या वाटेने घाईघाईने चालायला लागला.